क्राखूतचे दगड

१९ डिसेंबर १७९८, रात्री आठचा सुमार. बनारसच्या आकाशात आगीचा मोठा गोळा दिसला, मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि शहरापासून १४ मैलांवर, गोमतीच्या उत्तरेला क्राखूत गावाजवळ दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडलेल्या वृत्तान्तातून हे कळते.

विल्यम्स सावध माणूस दिसतो. ११ तारखेपासून आभाळात ढगाचा मागमूसही नव्हता, हे तो आवर्जून नोंदवतो. त्यामुळे वीज पडल्याची शंका उरत नाही. हिंदुस्थानात ज्वालामुखी नाहीत आणि असा दगड त्या मुलखात जमिनीत कुठे सापडल्याचे ऐकिवात नाही, हेही तो लिहितो. नुकतेच पाणी दिलेल्या शेतांत दगड सुमारे सहा इंच रुतले होते. एक तर एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून टणक भुईत घुसला. फुटण्याआधी तो दोन पौंडांहून जास्त भरला असता, हा अंदाज पहारेकऱ्याचाच. मॅजिस्ट्रेट डेव्हिस यांचे नाव वृत्तान्तात आहे, या साक्षीदाराचे नाही.

पुढचा कागद १८०२चा, रसायनतज्ज्ञ एडवर्ड हॉवर्डचा. फ्रेंच अकादमीच्या मंडळींनी लुसे येथे पडलेला दगड सरसकट एकत्र तपासला होता आणि तो वीज पडलेला साधा दगड ठरवला होता. हॉवर्डने असे सरसकट तपासणे टाळले. त्याच्यासाठी खनिजतज्ज्ञ बूर्नाँने बनारस, सिएना, यॉर्कशायर आणि बोहेमिया इथे पडलेल्या दगडांचे घटक वेगळे केले: बारीक गोल कण, गंधकयुक्त लोहखनिज, ठोकून पसरणारे लोखंड आणि मातकट भराव. चारही ठिकाणच्या लोखंडात निकेल निघाले. इतक्या दूरदूरच्या दगडांत एकच खूण सापडावी, हा ते आकाशातून आल्याचा पुरावा माझ्या मते डोळ्यांदेखतच्या साक्षीपेक्षा भारी आहे.

अशा आकाशातून पडलेल्या दगडांचे, म्हणजे अशनींचे, दगडी, लोखंडी आणि मिश्र हे ढोबळ गट आज सर्वांना ठाऊक आहेत. दगडी अशनींची पुढची विभागणी मात्र बूर्नाँने टिपलेल्या त्या गोल कणांवर, म्हणजे कोंड्रूलांवर होते. ते असलेल्या अशनींना १८६४मध्ये गुस्टाफ रोझेने कोंड्राइट म्हटले. क्राखूतचा दगड आज ‘एलएल ४’ म्हणून नोंदलेला आहे. एलएल म्हणजे एकूण लोह कमी आणि धातुरूप लोखंडही कमी. ४ म्हणजे मूळ खगोलीय पिंडात तो तापला, पण कण ओळखू येण्याइतके शाबूत राहिले.