सापशिडीच्या पटावरची वैद्यकी

मंडळी, शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागलं की सापगाव येतं. गावाला हे नाव कसं पडलं ते तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. मी नावाचा आधार एवढ्यासाठी घेतो की आज बोलायचं आहे ते सापाशी आणि खेळाशी जुळणारं आहे.

भाताची लावणी, गवताची कापणी, रात्री जमिनीवरचं अंथरूण, या तिन्ही ठिकाणी आपल्याकडे साप भेटतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आता विचार करा, शिकाऊ परिचारिका किंवा नवा डॉक्टर अशा रोग्यापुढे पहिल्यांदाच उभा आहे. चुकत चुकत शिकावं म्हणतात, पण ते चुकायचं कुणाच्या जिवावर?

हा पेच फार जुना आहे, आणि त्यातून वाट काढणाऱ्यांनी पुष्कळदा खेळण्यालाच हात घातला. आपल्याच भागातल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं, ते दुःख त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी होतं. बाळंतपणाची विद्या खेड्यापाड्यांत पोचवण्याचा असाच ध्यास त्यांच्या शंभर वर्षे आधी फ्रान्समधल्या एका सुईणीने घेतला होता. तिचं नाव मादाम द्यु कुद्रे. १७५९ साली राजाने तिला देशभर फिरून सुइणी शिकवायचा परवाना दिला. शिकणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मग बाईंनी कापड आणि चामडं शिवून बाळंतिणीचं धड केलं, आणि त्यात कापडी बाळ ठेवलं. बाळ आडवं आलं तर हात कसा घालायचा, हे त्या बाहुलीवर वाटेल तितक्या वेळा करून पाहता येई. बाहुली ना रडायची, ना मरायची. त्यातला एक नमुना रूआँ गावच्या संग्रहालयात आजही आहे.

दोनशे वर्षांनी तेच पुन्हा घडलं. नॉर्वे देशात आस्मुंड लेर्डाल नावाचे गृहस्थ मुलांची पुस्तकं आणि खेळणी बनवत. त्यांचा लहानगा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडाने हवा भरायची रीत डॉक्टर शिकवू लागले, तेव्हा सरावासाठी १९६० साली या खेळणीवाल्याने माणसाएवढी बाहुली तयार केली. जगभरच्या किती विद्यार्थ्यांनी तिच्या छातीवर हात ठेवून पहिला धडा घेतला असेल, त्याची मोजदाद कोण करणार!

आणि आपण? आपल्याकडे तर मोक्षपट होता. तो ज्ञानेश्वर महाराजांनी रचला असं परंपरा सांगते. इतिहासकार तेवढं ठामपणे म्हणत नाहीत. घराघरांवर सद्‌गुण आणि दुर्गुण लिहिलेले, कवड्या टाकून सोंगट्या हलवायच्या. बऱ्याच जुन्या पटांवर शिड्या थोड्या आणि साप फार. हाच खेळ पुढे विलायतेला गेला आणि तिथून रंगीत छापलेली सापशिडी होऊन परत आला, पण घरांवरचा मजकूर वाटेत गळून गेला. राहिले नुसते आकडे. मला विचाराल तर खेळाचं शिक्षकपण तिथेच हरवलं.

ते पुन्हा सापडलं मोबाईलच्या पडद्यावर. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे महाविद्यालयांना कुलपं लागली. नर्सिंगचे, वैद्यकीचे विद्यार्थी घरी बसले. रेंजसाठी कोणी गच्चीवर, कोणी टेकाडावर. शिक्षकांच्या लक्षात आलं की तासभर नुसतं बोललं तर पलीकडे कोणी ऐकत नाही. मग प्रश्नांचे खेळ आले. ‘काहूट’ नावाचा खेळ तर नॉर्वेचाच, २०१३ सालचा. पडद्यावर प्रश्न, चार उत्तरं, आणि जो चटकन बरोबर उत्तर देईल त्याला जास्त गुण.

अशा खेळांनी खरंच विद्या येते का? २०१३ साली शास्त्रज्ञांनी धुंडाळलं, तेव्हा कसोटीला उतरणारे जेमतेम दोन प्रयोग हाती लागले, आणि त्यांवरून हो की नाही काहीच ठरेना. २०१९ पर्यंत असे ३० प्रयोग जमले होते. खेळातून शिकलेले विद्यार्थी नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या निदान बरोबरीचे असतात, असं त्यांतून दिसलं.

पण खेळाखेळांत फरक असतो, गुरुजी. साप चावलेल्याचं रक्त तपासायची एक साधी रीत आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला मुळीच हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय धरायचा. नळी प्लास्टिकची घेतली, तर उत्तर फसवं येतं. घाई करून मध्येच हलवली, तरीही तेच. आता जो खेळ घाईला गुण देतो, तो हे कसं शिकवणार? उलट पडद्यावर रोगी ठेवून ‘आता काय कराल?’ असं विचारणारे खेळ असतात. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही. विद्यार्थी म्हणतो, जा घरी. घटकाभराने पडद्यावरच्या रोग्याच्या पापण्या मिटू लागतात, श्वास अडखळतो. विद्यार्थ्याला घाम फुटतो, तो मागे जाऊन पुन्हा खेळतो. खऱ्या मण्यारीपुढे मागे जाता येत नाही.

आपल्या शाळेत एवढी यंत्रसामग्री नसली तरी व्हरांडा असतोच. खडूने शंभर घरांचा पट आखा. सापांच्या तोंडाशी लिहा: दोरीने करकचून बांधलं, ब्लेडने चीर दिली, मांत्रिकाकडे नेलं, सकाळपर्यंत वाट पाहिली. शिड्यांच्या पायथ्याशी लिहा: धीर दिला, चावलेला हात किंवा पाय फळीला धरून स्थिर ठेवला, १०८ ला फोन केला, तडक सरकारी दवाखाना गाठला. शेवटच्या घरात सर्पविषावरची लस. मुलांना खेळू द्या, आणि प्रत्येक घरावर थांबून ‘का?’ विचारा. कवड्या मिळाल्या नाहीत, तर फोडलेले चिंचोके चालतात.