खिशातला पत्रा

माझ्या खिशात पूर्वी विडीचं बंडल असायचं; आता आईचा पत्रा असतो. विडीचं पान कापायचा हा साचा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर सोलापुरात मागावर बसले आणि त्यांच्या घरोघरी बायका विड्या वळू लागल्या. शेजारणींचं बघून आईनंही सूप मांडीवर घेतलं. तेंदूची पानं भिजवायची, पत्रा ठेवून कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा. हजार वळल्या की हजारीची मजुरी. 1966 साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, 2006मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला त्यांच्यासाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. तंबाखूच्या धुळीचा ठसका मात्र सुटला नाही.

2 ऑक्टोबर 2008ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली, तेव्हा मी बोळात लपून ओढायला लागलो. कायद्यानं जमलं नाही ते आईच्या एका प्रश्नानं झालं. खोकला आवरत ती म्हणाली, "मी पोटासाठी ही धूळ खाते रे. तू कशासाठी?"

तलफ अजून येते. मी पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बसतो. पाचेक मिनिटांत ती निघून जाते.