लग्नाची नोंद नसेल तर: वेगळे होताना वडील आणि मुलांचा ताबा

"मुले कोणाकडे राहणार?" हा प्रश्न आपल्याकडे घटस्फोटाबरोबर येतो. पण मुळात लग्नच झालेले नसेल तर? इंग्लंड व वेल्समध्ये राहणाऱ्या अशा वडिलांसाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले, वकील नव्हे. तेव्हा प्रत्यक्ष वेळ आली तर सॉलिसिटरला जरूर भेटावे.

लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी आता आपल्यातही आहेत. शिवाय असेही काही आहेत, ज्यांना आपण कायद्याने अविवाहित आहोत याचा पत्ताच नसतो. इथे हॉल घेतला, भटजींनी सप्तपदी केली, पंगती उठल्या, पण रजिस्ट्रारसमोरचे लग्न राहून गेले, तर इथला कायदा ते लग्न धरत नाही. २०२० साली कोर्ट ऑफ अपीलने एका निकाहच्या प्रकरणात हेच सांगितले. भारतात रीतसर लागलेले लग्न मात्र इथे सहसा ग्राह्य असते.

आता मुख्य मुद्दा. जन्मदात्या आईला 'पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी' आपोआप मिळते, अविवाहित वडिलांना नाही. शाळा, ऑपरेशन, धर्म, परदेशी नेणे अशा निर्णयांत कायदेशीर वाटा म्हणजे ही जबाबदारी. १ डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदणीत वडिलांचे नाव असेल तर ती त्यांनाही मिळते. म्हणून बाळाचा जन्मदाखला आजच काढून वडिलांचा रकाना पाहावा. जन्मानंतर ४२ दिवसांत नोंदणी करायची असते, आणि अविवाहित वडील एकटे जाऊन आपले नाव घालू शकत नाहीत. साधारणपणे दोघांनी मिळून जावे लागते. बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली पद्धत इथे आड येते, कारण भारतात नोंदलेल्या जन्मदाखल्याला हा नियम लागू होत नाही.

नाव नसेल तरी वाट बंद नाही. आई राजी असेल तर सी(पीआरए१) हा फॉर्म भरून कोर्टातल्या अधिकाऱ्यासमोर दोघांनी सह्या करायच्या आणि तो लंडनच्या सेंट्रल फॅमिली कोर्टात नोंदवायचा. हे काम संबंध बरे असतानाच उरकून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आई राजी नसेल तर कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. नंतर एकमेकांशी लग्न केले तरी ही जबाबदारी मिळते.

'कस्टडी' हा शब्द इथल्या कायद्याने १९९१ सालीच बाजूला ठेवला. २०१४ पासून कोर्ट 'चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर' देते: मूल कोणाकडे राहील, कोणाबरोबर किती वेळ घालवेल. ती मागायला वडिलांकडे पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असण्याची अट नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. आधी मध्यस्थाबरोबर एक माहिती बैठक घ्यावी लागते (घरगुती अत्याचाराच्या प्रकरणांत सूट आहे), मग सी१०० फॉर्म. त्यानंतर कॅफकास ही संस्था दोन्ही पालकांशी बोलते आणि पोलीस व कौन्सिलकडे चौकशी करते. निकाल मुलाच्या हितावर होतो. पगार कोणाचा मोठा यावर नव्हे. मूल आजवर कोणाच्या हाताने जेवले, झोपले, शाळेत गेले हे तिथे विचारले जाते. २०१३ पासून अशा बहुतेक प्रकरणांत सरकारी कायदेशीर मदत मिळत नाही, त्यामुळे आपसात लिहून ठरवणे सर्वांत स्वस्त. पोटगीचा हिशेब वेगळा: भेट मिळत नाही म्हणून मुलाचा खर्च थांबवता येत नाही.

शेवटी भारताबद्दल. पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेल्या प्रत्येकाच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणे हा इथे गुन्हा ठरू शकतो. पण ती नसलेल्या वडिलांची संमती लागत नाही. एकदा मूल पुण्याला पोचले की परत आणणे कठीण, कारण मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश कोर्टाचा आदेश असतानाही मुलीला आईकडेच ठेवले. भारताच्या १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यातही अविवाहित जोडप्याच्या मुलाचा पहिला नैसर्गिक पालक आईच आहे. तशी शंका असेल तर विमान सुटण्यापूर्वी 'प्रोहिबिटेड स्टेप्स ऑर्डर' मागता येते. निकड असेल तर कोर्ट हा अर्ज तातडीने ऐकते, आणि त्यासाठी मध्यस्थाच्या बैठकीची वाट पाहावी लागत नाही.