सातपुड्यांतील वाटसोबती

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, तुमसर तालुक्यांत, बावनथडीच्या मुलखांत बपेरा हें गांव वसलेलें आहे. नदीपलीकडे मध्यप्रदेश लागतो, आणि पुढें उत्तरेस जमीन सातपुड्याकडे चढूं लागते. बावनथडी सिवनीकडील डोंगरांतून येते. ज्या वैनगंगेस ती मिळते ती वैनगंगाहि सिवनी जिल्ह्यांतच उगम पावून, मोठा वळसा घेऊन, बालाघाटमार्गें खालीं उतरते. हा मुलूख आज दोन राज्यांत विभागलेला दिसतो खरा. परंतु १८६७ सालीं बालाघाट जिल्हा बनविण्यांत आला तो मंडला, सिवनी आणि भंडारा यांचेच भाग जोडून, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा व बालाघाट एकाच प्रांतांत नांदत होते. म्हणून बपेऱ्याच्या उत्तरेस दिसणाऱ्या डोंगरांचा इतिहास हा वैदर्भीय वाचकास परका नाहीं.

ह्या डोंगरांतून माणसें पूर्वापार चालत आलीं. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून घाटवाटा तुडवीत; नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू पायांखालीं सारा नदीकांठ घालीत. परंतु त्या चालण्यास व्यापाराचें वा पुण्याचें प्रयोजन असे. चार स्नेह्यांनीं केवळ हौसेनें रानांत शिरावें, राहुट्या ठोकाव्या, आणि परतल्यावर त्या भटकंतीचें पुस्तक लिहावें, हा प्रकार ह्या भागांत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

त्यांतील पहिलें ठळक नांव कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचें. मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला, आणि लगेच १८६२ मध्यें फोर्सिथ पंचमढीच्या पठारावर चढला. तेथें त्यानें एक बंगला बांधविला. पुढें थंड हवेचें ठिकाण म्हणून पंचमढीचा जो लौकिक झाला त्याचा आरंभ येथून धरतात. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा ग्रंथ १८७१ सालीं बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं ग्रंथकर्ता वारला. सालवृक्षांचीं रानें, रानगवे, गोंड व कोरकू लोक यांचें त्यांतील वर्णन अजूनहि वाचनीय आहे. दुसरा रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल. ‘सिवनी’ हें त्याचें १८७७ चें पुस्तक म्हणजे सातपुड्यांतील छावणीच्या जीवनाचें कथारूप चित्र. स्टर्नडेल नुसता शिकारी नव्हता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचें नियतकालिक १८८६ सालीं निघूं लागलें तेव्हां त्याच्या संपादकांपैकीं तो एक होता. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मधील सिवनीचे डोंगर आणि वैनगंगा हीं बव्हंशीं स्टर्नडेलच्या पुस्तकावरून घेतलीं असें सामान्यतः मानतात. आपल्या भंडाऱ्यावरून वाहणारी नदी जगभरच्या मुलांस ठाऊक झाली ती ह्या आडवळणानें!

परंतु ह्या ग्रंथांपुढें इतिहासाच्या अभ्यासकास एक प्रश्न विचारावाच लागतो: साहेबांच्या पुढें चालणारा तो कोण? वाघाचा माग कोणीं काढला, पाण्याचा झरा कोणीं दाखविला, पठाराची पाऊलवाट कोणाच्या कुऱ्हाडीनें मोकळी झाली? तो गोंड, कोरकू किंवा बैगा होता. त्याच्या कौशल्याची तारीफ पानोपानीं आढळते, पण सोबती म्हणून त्याची गणना क्वचितच होते. ही उणीव केवळ सौजन्याची नव्हे. फोर्सिथ जंगलखात्याचा अधिकारी होता. डोंगरउतारावरील झाडें तोडून, जाळून, त्या राखेंत बीं टाकण्याची आदिवासींची शेती त्याला वनांचा संहार वाटली. ह्याच दृष्टीनें पुढें कायदे झाले. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारी रानांवरील निर्बंध घट्ट केले, आणि १८९० मध्यें मंडला जिल्ह्यांतील ‘बैगा चक’ नांवाचा एक तुकडा बैगांच्या ह्या बेवर शेतीसाठीं राखून ठेवण्यांत आला. इतरत्र तिला बंदी झाली. ज्यानें वाट दाखविली त्याचीच वाट अडली.

ह्या परंपरेस निराळें वळण लावणारी जोडी १९३२ सालीं त्याच डोंगररांगेच्या पूर्व टोंकास, मैकलच्या पहाडांत गेली. शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण, आणि व्हेरिअर एल्विन हे ऑक्सफर्डचे पदवीधर. दोघांचा स्नेह जुळला तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत. गोंडांत जाऊन काम करावें ही सूचना जमनालाल बजाजांची. मंडला जिल्ह्यांतील करंजिया ह्या खेड्यांत त्यांनीं झोंपड्यांत बिऱ्हाड थाटलें, दवाखाना व शाळा चालविल्या, आणि पायीं फिरून गाणीं व कथा टिपून घेतल्या. एल्विनांचा ‘बैगा’ हा ग्रंथ १९३९ चा; नांगरानें धरणीमातेची छाती फाडणें हें पाप, ही बैगांची समजूत त्यांत सविस्तर मांडलेली आहे. ज्या शेतीस फोर्सिथनें विध्वंस म्हटलें, तिच्या मागील धर्मभावना येथें प्रथमच विस्तारानें ग्रंथबद्ध झाली. मैकल पहाडांतील लोकगीतांचा संग्रह १९४४ सालीं दोघांच्या नांवें निघाला. आणि १९४६ मध्यें हिवाळ्यांनीं गोंडांच्या प्रधान भाटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

त्यांचीं मतें सर्वमान्य झालीं नाहींत. आदिवासींस वेगळें राखण्याच्या विचारावर मुंबईचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९४३ सालीं कठोर टीका केली, आणि त्या टीकेंत तथ्यहि होतें. कारण डोंगरांतील मनुष्य पठारावरील बाजार, सावकार आणि देवदेवता यांपासून कधींच अलिप्त नव्हता. तथापि वादाच्या दोन्ही पक्षीं आतां एक गोष्ट गृहीत होती: विचार करावयाचा तो ह्या माणसांचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या छावणीग्रंथांत तीं माणसें बहुधा देखाव्याचा भाग होतीं.

आज आमचे विद्यार्थी पाठीस पिशवी बांधून सातपुड्यांत व सह्याद्रींत हिंडतात, हें पाहून आनंद वाटतो. पायांनीं शिकलेला भूगोल विसरत नाहीं. त्यांच्यापैकीं कांहीं लिहितीलहि. त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं शिखराची उंची आणि तुडविलेले कोस यांच्या शेजारीं वाट दाखविणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें लिहावें. टेकडीस, ओढ्यास, झाडास तो काय म्हणतो तेंहि लिहावें. हीं नांवें बहुतेक कोणत्याहि दप्तरांत नाहींत. जो तीं सांगूं शकतो, तो अजून बावनथडीच्या कांठीं भेटतो.