लिस्बनचे जून महिन्यातील फेस्त: संत आंतोनियो, गल्ल्या आणि गल्लीतली माणसे

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे दरवर्षी जून महिन्यात संतांच्या नावाने रस्त्यावरचा उत्सव भरतो. 'फेस्तास द लिस्बोआ' या नावाने तो ओळखला जातो. संत आंतोनियो (१३ जून), संत जुआंव (२४ जून) आणि संत पेद्रू (२९ जून) या तिघांना पोर्तुगालमध्ये 'सांतोस पोपुलारेस', म्हणजे लोकांचे संत, म्हणतात. ऑपोर्तू शहर संत जुआंवची रात्र जागवते, तर लिस्बनमध्ये खरा मान संत आंतोनियोचा. १२ जूनच्या रात्री शहर झोपत नाही आणि १३ जूनला शहरात सुट्टी असते.

लिस्बनचा पुत्र

जगभर हा संत 'पाडुआचा अँथनी' म्हणून ओळखला जातो. मात्र त्याचा जन्म ११९५च्या सुमारास लिस्बनमध्ये झाला. त्याचे मूळ नाव फेर्नांदो. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केल्यावर त्याने आंतोनियो हे नाव घेतले. १३ जून १२३१ रोजी इटलीतील पाडुआ येथे त्याचे निधन झाले आणि एका वर्षाच्या आतच पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संतपद दिले. शहराचा अधिकृत रक्षक संत व्हिन्सेंट आहे; लिस्बनच्या राजमुद्रेवरील गलबत व दोन कावळे त्याच्याच कथेतले. तरीही लोकांनी आपला म्हणून निवडला तो आंतोनियो. हरवलेली वस्तू शोधून देणारा आणि लग्ने जुळवणारा संत अशी त्याची ख्याती आहे. १३ जून १८८८ रोजी लिस्बनमध्ये जन्मलेले कवी फेर्नांदो आंतोनियो पेसोआ यांच्या नावात संताची दोन्ही नावे आली आहेत.

संताच्या जन्मस्थानी, से कॅथेड्रलच्या शेजारी, त्याचे चर्च उभे आहे. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात जुने चर्च कोसळले. ते पुन्हा बांधण्यासाठी मुलांनी दारोदार 'संत आंतोनियोसाठी एक नाणे' मागितले, असे परंपरा सांगते. दाराच्या पायरीवर कागद, फुले व मेणबत्त्यांनी सजवलेली छोटी वेदी मांडण्याची प्रथा या आठवणीशी जोडली जाते. १३ जूनच्या संध्याकाळी याच चर्चमधून संताची मिरवणूक निघते.

रात्रीचे स्वरूप

आल्फामा, मोरारिया, ग्रासा, बिका, मादरागोआ या जुन्या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांवर रंगीत कागदी पताका चढतात. घरासमोरच शेगडी मांडून सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांच्या कुळातले मासे, जाड्या मिठासह भाजले जातात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून खाल्ले जातात. जूनमध्ये या माशाला चरबी चढते, म्हणून चवही याच दिवसांत. सोबत 'काल्दू वेर्द' हे हिरव्या पाल्याचे सूप आणि वाइन असते. प्रेमाच्या व्यक्तीला 'मांजेरिकू' भेट देण्याचीही रीत आहे. तुळशीच्या कुळातील बारीक पानांचे हे रोप कुंडीत असते. त्यात कागदी फूल आणि चार ओळींची चारोळी खोचलेली असते. रोपाला नाक लावायचे नाही. तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा, असा संकेत आहे.

परंपरा किती जुनी?

उत्सवाचे मुख्य आकर्षण असलेल्या 'मार्शास पोपुलारेस', म्हणजे वस्त्यांच्या मिरवणुका, वाटतात तितक्या प्राचीन नाहीत. चित्रपट दिग्दर्शक जुझे लैतांव द बार्रुश यांच्या पुढाकाराने १९३२ साली त्यांची पहिली स्पर्धा पार्के मायेर या नाट्यसंकुलात झाली. पुढे सालाझार राजवटीने त्यांना आश्रय दिला. आज सुमारे वीस वस्त्यांची पथके १२ जूनच्या रात्री आव्हेनिदा दा लिबेरदादे या हमरस्त्यावर कमानी, कंदील, गाणी आणि नृत्यासह उतरतात. परीक्षक विजेता ठरवतात आणि निकालावरचे वाद वर्षभर रंगतात.

सामुदायिक विवाहांची प्रथा १९५८ची. 'दियारियु पोपुलार' या वृत्तपत्राने गरीब जोडप्यांसाठी ती सुरू केली. १९७४च्या क्रांतीनंतर ती खंडित झाली आणि १९९७ साली पालिकेने तिचे पुनरुज्जीवन केले. आता दरवर्षी सोळा जोडप्यांचे विवाह होतात. काही कॅथेड्रलमध्ये, काही नोंदणी पद्धतीने.

तेच संत, तेच दिवस

पोर्तुगीजांबरोबर हे संत गोव्यात आले आणि त्यांच्या तारखाही आल्या. ऋतू मात्र वेगळा. लिस्बनचा जून कोरडा. तेथे संत जुआंवच्या नावाने होळीसारखी शेकोटी पेटवून तिच्यावरून उड्या मारण्याची जुनी रीत. गोव्यात त्याच तारखेला पाऊस कोसळतो. म्हणून सांजावला तरुण डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरींत उड्या घेतात. २९ जूनला संत पेद्रूचे फेस्त मच्छीमार समाज सांगोडाने साजरे करतो. होड्या एकमेकींना बांधून त्यांवर रंगमंच उभा राहतो. शिवोलीचे चर्च तर संत आंतोनियोच्याच नावाचे आहे.

गल्ली उरली, शेजारी?

या उत्सवाचा कणा शेजार आहे. शेगडी कोणी मांडायची, पताका कोणी बांधायच्या, मिरवणुकीत कोणी नाचायचे, हे वस्तीच ठरवत आली. मात्र १९८१ साली सुमारे आठ लाख असलेली लिस्बनची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत आली. २०१२ साली भाडेकायदा शिथिल झाला, पर्यटन वाढले आणि जुन्या वस्त्यांतील अनेक घरे पर्यटकांच्या अल्पकालीन निवासात बदलली. २०१८ साली पालिकेने आल्फामा, मोरारियासह पाच वस्त्यांत अशा निवासांची नवी नोंदणी थांबवली. तोवर पुष्कळ कुटुंबे उपनगरांत गेली होती.

तरीही मिरवणुका थांबलेल्या नाहीत. कोविडमुळे २०२० व २०२१ साली पडलेला खंड सोडला, तर पथके दरवर्षी रस्त्यावर येतात. त्यांतील अनेक नर्तक आता त्या वस्तीत राहत नाहीत. दिवसभराचे काम आटोपून ते उपनगरांतून तालमीला येतात आणि १२ जूनच्या रात्री आजी-आजोबांच्या गल्लीचे नाव घेऊन नाचतात. हरवलेले परत मिळवून देणाऱ्या संताकडे लिस्बनकरांचे यंदाचे मागणे काय असेल, हे वेगळे सांगायला नको.