पडद्यामागे बसलेल्यांचे मत

एप्रिल २०२५ च्या अखेरीस 'फुले' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मी तो जळगावला पाहिला. विद्यापीठाच्या परीक्षा चालू होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा पेपर सुटल्यावर स्टाफरूममध्ये चहा आला आणि विषय निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सिनेमा चांगला आहे हो सर, पण हे सगळं आता किती दिवस उगाळायचं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. का पाहिले, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो, उत्तरार्ध जरा लांबलाच."

हे माझे मत नव्हते. चित्रपट पाहताना उत्तरार्धाची लांबी माझ्या ध्यानातही आली नव्हती. मग हे वाक्य आले कोठून? ते माझ्या शिक्षणातून आले. पटकथा, छायाचित्रण, संकलन, उत्तरार्ध हे शब्द मी पुस्तकांतून कमावले आणि अडचणीच्या क्षणी त्यांच्याच आड लपलो. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या आज्याला आणि आईला हे शब्द येत नव्हते. त्यामुळे त्यांना लपायला जागाही नव्हती. त्यांनी जे पाहिले त्याविषयी ते सरळ बोलले. चित्रपटाविषयी सहज, चहाच्या घोटासोबत टाकलेले मत ही क्षुल्लक गोष्ट समजली जाते. माझे म्हणणे असे की, जातिव्यवस्थेत असे कोणतेही मत सहज नसते. माणूस कोठे बसून पाहतो यावर ते ठरते. चित्रपटाचा इतिहास आजवर पडद्यावरून लिहिला गेला. तो बसण्याच्या जागेवरूनही लिहिला गेला पाहिजे.

आमचा आजा धुळे जिल्ह्यातला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, वतन अजून कायद्याने संपायचे होते तेव्हा, त्याने तापीकाठच्या एका जत्रेत तंबू टॉकीजमध्ये पहिला चित्रपट पाहिला. पडदा मध्ये बांधलेला असे. पुढच्या बाजूला गाव आणि मागच्या बाजूला आमची माणसे. मागून चित्र उलटे दिसते, डाव्या हाताचा माणूस उजव्या हाताचा होतो, अक्षरेही उलटी दिसतात. आजा सांगे, "अक्षरच येत नव्हतं, मग उलटं काय अन् सुलटं काय!" चित्रपट हरिश्चंद्राचा होता. घरी आल्यावर आज्याने जे मत दिले ते आमच्या घरात अजून सांगितले जाते. "राजानी एक दिन सरन रचं, ते लोके रडनात. आपन रोज रचतस, आपलासाठे कोन रडनं?"

मयताचा सांगावा गावोगाव पोचवणे आणि सरणाची लाकडे वाहणे हे महारकीचे काम होते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेथून भारतीय कथापटाचा इतिहास मोजला जातो. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तोही याच कथेवर. म्हणजे मूकपटाचा आरंभ आणि मराठी बोलपटाचा आरंभ, दोन्ही ठिकाणी एक राजा डोंबाच्या घरी स्मशानात राबतो. प्रेक्षकाने रडायचे ते राजावर डोंबाचे काम करण्याची पाळी आली म्हणून. जो डोंब जन्मभर तेच काम करतो त्याच्यासाठी त्या कथेत एकही अश्रू राखून ठेवलेला नाही. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत फाळक्यांचे कष्ट आहेत, प्रभातचे तंत्र आहे. आज्याचा प्रश्न तेथे नाही. तो पडद्याच्या मागच्या बाजूने विचारला गेला होता.

'अछूत कन्या' १९३६ चा. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट गाजला आणि पुरोगामी म्हणून त्याचा गौरव झाला. त्यातली कस्तुरी रेल्वे फाटकावरच्या पहारेकऱ्याची मुलगी. ब्राह्मण तरुणावर तिचे प्रेम असते. शेवटी येणारी गाडी थांबवताना ती मरते आणि तिची पूजा होते. आता त्या काळाकडे पाहा. ऑक्टोबर १९३५ मध्ये आमच्या खानदेशाच्या शेजारी येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे भाषण होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते पुस्तकरूपाने छापले. तेच जातिनिर्मूलनाचे पुस्तक. एकीकडे अस्पृश्य माणूस धर्म नाकारण्याची भाषा बोलत होता. दुसरीकडे पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मरून पूज्य होत होती. सवर्ण मनाला कोणती पसंत पडणार होती, हे उघड आहे.

'सुजाता' १९५९ चा, बिमल रॉय यांचा. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी त्या घरातल्या आईला रक्त देते आणि मग ती मुलगी म्हणून स्वीकारली जाते. नूतनचा अभिनय श्रेष्ठ आहे याबद्दल दुमत नाही. परंतु प्रश्न असा आहे की, रक्ताचा गट जुळला नसता तर? धर्मांतर होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. आमची माणसे घरातले देव नदीत सोडून आली होती. कुणाच्या घरात स्वीकारले जावे म्हणून रक्त देण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

या दोन चित्रपटांच्या मध्ये एक अपवाद उभा आहे. आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' (१९५४). बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी जोतीरावांवर हिंदी चित्रपट आला, तेव्हा काय झाले? ११ एप्रिल ही जोतीरावांची जयंती. त्या दिवशी लागायचा तो चित्रपट ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर पुढे ढकलला गेला आणि २५ एप्रिलला लागला. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढण्यास वा बदलण्यास सांगितले. गुलामीची तीन हजार वर्षे जाऊन तेथे 'कित्येक' वर्षे आली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जो शब्द शासनाने लिहून दिला आहे, तोच शब्द जोतीरावांच्या तोंडी नको होता! मी स्टाफरूममध्ये हे बोलू शकलो असतो. सगळे मला ठाऊक होते. मी उत्तरार्धाविषयी बोललो.

आता आईविषयी. आईला स्मिता पाटील फार आवडते. "आपल्या शिरपूरची पोर," असे ती अजून म्हणते. स्मिताचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. त्यामुळे खानदेशात तिच्याविषयी सर्वांनाच माहेरपण वाटते. मजूर आईलाही ते वाटते, ही गोष्ट मला विलक्षण वाटत आली आहे. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' केला. दुखी चांभार पंडिताकडे मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला जातो, पंडित त्याला उपाशीपोटी ओंडका फोडायला लावतो, दुखी तेथेच मरतो. प्रेताला हात लावायचा नाही म्हणून पंडित दोरी बांधून ते ओढत नेतो. दुखीची बायको झुरिया म्हणजे स्मिता. मी हा चित्रपट आईला मोबाइलवर दाखवला. ती आता काय म्हणेल, म्हणून मी वाट पाहत होतो. माझ्या डोक्यात समांतर चित्रपट होता, रायसाहेबांची चौकट होती. आई म्हणाली, "हाई गाठ आशी फुटत नई. पाचर ठोकनी पडस. त्याले कोनी पाचर नई दिधी का?" थोड्या वेळाने म्हणाली, "आन त्याना पोटमा अन्न तरी व्हतं का?"

आईने आयुष्यभर जळण फोडले आहे. तिच्या त्या वाक्यात चित्रपटाचे सगळे सार आले. ओंडका फोडण्याचे ज्ञान दुखीपाशी असेलही, पण अवजार आणि अन्न दुसऱ्याच्या हाती होते. मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षेत पाचरीचा उल्लेख नाही. समीक्षकांनी लाकूड फोडलेले नव्हते.

गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश'मध्येही (१९८०) स्मिता आहे. लहान्या भिकू हा आदिवासी त्यात जवळजवळ सबंध चित्रपटभर गप्प राहतो. ओम पुरी यांचे ते मौन गाजले. परंतु खानदेशातला वाचक येथे थांबून विचारील की, आमच्याकडचा भिल्ल गप्प होता काय? १९७१ साली शहादे तालुक्यात पाटीलवाडीला भिल्लांवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता गावोगाव सभांतून बोलत होता. पुढच्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली, सालदारांचे संप झाले, बाया मोर्चात पुढे चालल्या. हे सारे 'आक्रोश'च्या आधीचे. निहलानी यांचा हेतू प्रामाणिक होता. तरीही शहरी संवेदनेला आदिवासी सापडला तो मुका. बोलणारा आदिवासी पडद्यावर आला असता, तर त्याच्यासाठी बोलणाऱ्या वकिलाची गरज राहिली नसती.

मी केवळ इतरांनाच दोष देत नाही. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला, तेव्हा माझे एम.ए. झाले होते आणि नेट परीक्षेचा अभ्यास चालू होता. आम्ही चौघे मित्र पाहायला गेलो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला नागराज मंजुळे आपल्या हाताने कॅमेरा धरून आला, याचा अभिमान होता. शेवटी कैकाडी कुटुंब डुक्कर पकडायला धावते आणि गावातली माणसे बसून तमाशा पाहतात, तो प्रसंग आला. थिएटर हसू लागले. पहिली दोन मिनिटे मीही हसलो. मग पडद्यावर हसणारे आणि खुर्चीत हसणारे एकच आहेत, हे ध्यानात आले आणि माझे हसू आटले. बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून मेलेले डुक्कर खांद्यावर जाते. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ प्रेक्षकांकडे. बौद्ध घरात वाढलेला, बाबासाहेब वाचलेला मी त्या दोन मिनिटांत गावात जाऊन बसलो होतो. उतरंडीत आपल्या खालीही कुणी आहे, याचे सुख माझ्याही नेणिवेत होते.

माझ्या शेजारी बसलेला खोलीतला मित्र हसला नव्हता. परत येताना तो म्हणाला, "पिच्चर खरा आहे. फक्त माझा बाप शाळा सुटायच्या वेळेला कधी डुक्कर धरत नसे. अंधार पडू द्यायचा." चार वर्षे एका खोलीत राहून त्याच्या घरचा व्यवसाय मला ठाऊक नव्हता. तो त्या एका मतातून कळला. आपल्या मुलाला कुणी पाहू नये म्हणून अंधाराची वाट पाहणारा बापही त्याच मतातून कळला. हे मत कोणत्या वृत्तपत्रात छापून येणार होते?

दोन वर्षांनी 'सैराट' आला. सारे खानदेश त्याच्या गाण्यांवर नाचले. बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता, "शेवट तसा नको होता." पण हे एकच वाक्य दोन ठिकाणांहून बोलले जात होते. एकाला ते रक्त पाहायचे नव्हते, कारण नाच संपवून घरी सुखाने झोपायचे होते. दुसऱ्याच्या घरात वयात आलेला मुलगा होता आणि त्याला तो शेवट आधीपासून ठाऊक होता. शब्द तेच असतात. म्हणून मत नोंदवताना बोलणारा कोठे उभा आहे, तेही नोंदवावे लागते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी यंदा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वडील माणसाला, पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी विचारा आणि ते जसे बोलतील तसे लिहून आणा. अहिराणी असेल तर अहिराणीत, तावडी असेल तर तावडीत, पावरी असेल तर पावरीत. सुरुवातीला मुले हसली. नंतर वह्या येऊ लागल्या. एका मुलीने लिहिले की, तिच्या आजीने चित्रपट कधी पाहिलाच नाही. तिकिटाला पैसे नसत म्हणून ती तंबूच्या कनातीबाहेर बसून ऐकत असे. आजीला आजही त्या चित्रपटातली माणसे आवाजावरून ठाऊक आहेत, चेहरे ठाऊक नाहीत. या आजीला प्रेक्षक म्हणायचे की नाही? माझ्या मते तिच्यापासूनच आपल्या चित्रपट-इतिहासाचे पहिले पान सुरू झाले पाहिजे.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ही माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. माझा आजा गेला. त्याचे ते एक वाक्य उरले, तेही आईच्या तोंडी राहिले म्हणून. एका वहीत गाव, साल, चित्रपट, बसण्याची जागा आणि मत, एवढ्या पाच गोष्टी लिहून घ्या. मत शुद्ध मराठीत आणू नका. ते सुधारू नका. सुधारले की ते माझ्या उत्तरार्धासारखे होते.

स्टाफरूममध्ये चहा रोज येतो. ते ज्येष्ठ सहकारी रोज समोर बसतात. विषय पुन्हा निघेल.