जुनी गाडी, नवं इंजिन आणि लॉस एंजेलिसचा धूर

मंडळी, जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर इतका झोंबणारा धूर उतरला की लोकांना वाटलं, शत्रूने गॅसच सोडला! पुढे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, यात मोठा हात आपल्याच गाड्यांचा. मग १९६६पासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली, १९८४पासून नियमित तपासणी.

इंजिन स्वॅपचे कडक नियम त्यातूनच आले. १९७६च्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचंय? ते गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं. शिवाय त्याचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, कॉम्प्युटर, सगळा संसार सोबत आणायचा. नुसतं इंजिन उचलून आणलं की गेम तिथेच फसतो! मग रेफरी तपासतो, लेबल लावतो. १९७५ किंवा त्याआधीची गाडी असेल, तर ही धूर-तपासणीच माफ.